ओठाला लावलेलं पाणी

“ओठाला लावायचं फक्त, गिळायचं नाही. असंच ना, आजी?” हिमांशुने विचारलं, आणि मी खिडकीबाहेर पाहता पाहता “हो” म्हणून गेले. बिरसीच्या विमानतळावरून निघून आमची गाडी कामठ्याच्या पुढे आली होती. दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये भाऱ्यांचे पुंजणे रचून ठेवले होते आणि काचेतूनही त्या वाळल्या तणसाचा वास आत येत होता. हिमांशु पुण्याचा दातांचा डॉक्टर. तिशीही गाठलेली नाही. हैदराबादला विमान बदलून तो पहिल्यांदाच आमच्या भागात उतरला होता. त्याचे आजोबा सौंदडचे, मीही सौंदडची, एवढं विमानतळाच्या दाराशी जय भीम करतानाच आमचं बोलून झालं होतं, आणि तेवढ्यावर तो माझा नातू होऊन माझ्याच गाडीत बसला होता. पुढच्या गाडीत शिबिराला आलेले बाकीचे डॉक्टर आणि माझी भाची चेतना.

“काय लावायचं ओठाला?” मी थोड्या वेळाने विचारलं.

“पाणी. गावात कुणी दिलं तर. चेतना मॅमनी मीटिंगमध्ये सगळं समजावून सांगितलंय. नाही म्हणायचं नाही. ग्लास दोन्ही हातांनी घ्यायचा, ओठाला लावायचा आणि बोलता बोलता खाली ठेवायचा. खीर दिली तर चमचा फिरवत राहायचा. आपल्या बाटल्या आणि डबे पुढच्या गाडीत आहेत.” मग तो हसला. “मी घरी प्रॅक्टिस पण केली. आई म्हणाली, नाटकात घेतील तुला.”

दिलेला धडा नीट पाठ झाला आहे ना, एवढंच त्याला बघायचं होतं. या वयात कानावर पडलेलं आत पोचायला वेळ लागतो असं म्हणतात. पण हे पोचलं होतं, फक्त ते ठेवायला आत जागा सापडत नव्हती. पायाशी डोळे तपासायच्या यंत्राचा खोका होता. रस्त्याच्या खड्ड्यांनी तो हलू नये म्हणून मी त्याच्यावर हात ठेवला होता आणि तसाच ठेवून राहिले.

आमच्या संस्थेला सुजाता हे नाव मी दिलं. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालायचं तेव्हा सुजातेच्या खिरीची गोष्ट आली की बाकीच्या बाया त्या उपाशी तपस्व्यासाठी हळहळायच्या. माझं मन त्या खीर देणाऱ्या बाईपाशी जाऊन थांबायचं. वाटी त्याच्या हातात दिल्यावर पहिला घास पोटात जाईपर्यंत ती तिथे उभी राहिली असणार. तो मधला वेळ कसा असतो, हे मला माहीत होतं. सौंदडला आमच्या लहानपणी विहिरीवर आम्हाला हात लावायची सोय नव्हती. घागर घेऊन उभं राहायचं, कुणाला दया येईपर्यंत. तहान लागली तर ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून ओतायचं. पाणी तोंडात कमी जायचं आणि कोपरावरून झग्याच्या बाहीत जास्त. छप्पन्न साली बापू, म्हणजे माझे वडील परसराम, दीक्षा घ्यायला आगगाडीच्या डब्यात उभ्याने नागपूरला गेले. परत आले ते पांढऱ्या कपड्यांत. आल्यावर त्यांनी देव बाहेर काढले, भिंतीला चुना लावला, आणि तिसरं काम केलं ते म्हणजे दारासमोर तीन दगडांवर एक माठ मांडला. वर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हाक मारायचे, “या जी, पानी घ्या.” पोस्टमन यायचा, गुरुजी यायचे, पटवारी यायचा. लोक चांगले होते, पेला हातात घ्यायचे. मग कुणाला आज उपास असल्याचं आठवायचं, कुणाला घाई असायची, कुणी बोलता बोलता पेला दगडावर ठेवून द्यायचं. बापू त्यांच्या तोंडाकडे पाहायचे नाहीत, गळ्याकडे पाहायचे. “पेला कोनीबी हातात धरते,” रात्रीच्या भाकरीला बसले की ते आईला सांगायचे, “पेलं का नाही पेलं ते गळा सांगते.” उरलेलं पाणी ते दाराजवळच्या मिरचीच्या झाडाला घालायचे. आमच्या मिरच्या त्या साली अशा लागल्या की आई टोमणा मारायची, “गावाच्या मेहरबानीनं तिखट काही विकत नाही आणावं लागत.”

पहिला गळा हलला तो केशोराव कोहळीचा. त्याच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधलेला, मोठा कास्तकार. त्याचा बैल सुटला होता आणि तो त्याच्यामागे उन्हात धावत आमच्या वाडीपर्यंत आला. थांबला, पेला बुडवला, घटाघट प्याला, पुन्हा बुडवून प्याला, मिशा पुसल्या आणि “कोन्या बाजूनं गेला बे तो?” असं विचारून निघून गेला. कदाचित कुठं आहोत, काय करतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल. पण त्या दिवशी बापू जेवले नाहीत. नुसते हसत बसले होते, पेला हातात धरून.

मी नर्स झाले, सालेकशाच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात माझी सारी नोकरी गेली. जंगलातल्या वाड्यांवर पायी जाऊन बाळंतपणं केली. एका मोठ्या घरी रात्रभर जागून अडलेली बाई सोडवली, मूल रडलं, घर आनंदलं आणि माझा चहा आला तो कान तुटलेल्या कपात, गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या. मी तो प्याले. थंडी होती आणि मी दमले होते. असल्या गोष्टी मी कुणाला सांगत बसले नाही. चेतनाला मात्र सांगितल्या. धाकटी बहीण पुष्पांजली गेली तेव्हा चेतना एवढीशी होती. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये माझ्या कुशीत झोपायची आणि गोष्ट म्हणून हेच मागायची. “मोठीमाय, तो बैलवाला सांग ना.” केशोराव पाणी प्यायला लागला की ती स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळायची, तो कसा हलतो ते बघायला.

ती पुण्याला शिकली, तिथेच कंपनीत लागली. माझ्या निवृत्तीनंतर एका बुद्धपौर्णिमेला गोंदियाला आली आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून म्हणाली, “मोठीमाय, तिकडे आपले कितीतरी डॉक्टर आहेत. सगळ्यांना काहीतरी करायचंय. पैसा आहे, मन आहे, सुटी तेवढी नाही. रेल्वेनं यायचं तर सगळी सुटी रुळांवरच जाते. आपण त्यांना विमानानं आणू.” मी हसत सुटले. “विमानानं? सालेकश्याले?” पण हसता हसताच मला बापू दिसले, डब्यात उभे, हात वरच्या कडीला. त्यांच्या नातीने विमान भरून माणसं परत आणायची, या कल्पनेने अंगावर शहारा आला. तेव्हा विमान नागपूरपर्यंतच यायचं, तिथून जीप. नोकरीच्या फंडातून आलेलं जे होतं ते मी पुढे सरकवलं आणि एकच अट घातली. विमानातून उतरणाऱ्याने त्या घरचं पाणी प्यायचं, घरात जे शिजलं असेल ते खायचं, औषध त्याच्यानंतर. चेतनाने माझा हात धरला. “अट कसली? हेच तर आपलं काम आहे. बाकी चष्मे काय, कुणीही वाटतं.” असं ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ते मी पाहिले होते.

“आजी, चक्कर येतेय का?” हिमांशु विचारत होता. आमगाव मागे पडलं होतं. त्याने आपल्या पिशवीतून सीलबंद बाटली काढून माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. सरळ नको म्हटलं, आणि त्याला काही वाटलं नाही. त्याने ती उघडली आणि स्वतः प्याला.

गंगाचं घर सालेकशाच्या पुढे, जंगलाच्या कडेला. तिची दोन्ही मुलं माझ्या हातची. दर साली शिबिर तिच्याच अंगणात भरतं; सारवलेलं, चारी बाजूंनी खाटा टाकलेल्या, मोहाच्या झाडाखाली टेबल आणि त्यावर फुलं वाहिलेल्या तसबिरी. सगळे पांढऱ्या कपड्यांत रांगेने बसले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. चौथ्या शिलाला, खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन असं म्हणताना सगळ्यांचे ओठ एकदम हलले. मी ओठ पाहत होते. आणि मग गंगाची सून ताटात पेले घेऊन आली आणि इतक्या सालांत जे मी केलं नव्हतं ते केलं. दर साली या घडीला मी बायांच्या चेहऱ्यांकडे बघायचे, सुजातेच्या त्या मधल्या वेळाकडे. या खेपेला मी गळे पाहिले.

बंगलोरची डोळ्यांची डॉक्टर खुशबू, लाघवी मुलगी. पेला दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, मग ओठाला, मग शेजारच्या म्हातारीला “तुमचं नाव काय?” विचारत खाटेखाली ठेवून दिला. तिच्या पलीकडचा, त्याच्याही पलीकडचा. कुणाचं काही चुकत नव्हतं. इतकं सुंदर, इतकं आदबशीर मी कधी काही पाहिलं नसेल. माझ्या बापाच्या दारातले गुरुजी आणि पटवारी निदान चाचपडायचे, डोळे चुकवायचे, उपासाची सबब सांगताना अडखळायचे. ही आमची लेकरं अडखळतही नव्हती. त्यांना शिकवलेलं होतं. हिमांशुची पाळी आली तेव्हा मी श्वास धरला, का कोण जाणे. त्याने पेला वर नेला आणि त्याच्या गळ्याची घाटी हलली, चांगली ठळक, वर आणि खाली. पेला खाली आला तेव्हा पाणी होतं तेवढंच होतं. त्याने आवंढा गिळला होता. माझ्याकडे पाहून त्याने किंचित मान हलवली, जमलं ना, अशी. चेतना शेवटी बसली होती. तिने पेला घेतला, ओठाला लावला आणि ठेवून दिला. बैलवाल्याच्या गोष्टीत ती ज्याच्यावर बोट ठेवायची तो गळा हलला नाही.

आणि तेव्हा मला दिसलं की पेले अर्धेच भरलेले होते. सगळे. माझा सोडून.

मी उठून घराच्या मागे गेले. गंगा चुलीपाशी खिरीच्या वाट्या भरत होती.

“गंगा, पेले अर्धे काऊन भरले व?”

“मंग पुरे भरून काय करू, बाई? त्या पपईले आखीन कितीक पानी घालू?” मोरीजवळ पपईचं झाड होतं, बुंध्यापासून वरपर्यंत फळांनी लगडलेलं. तिने तिकडे हनुवटीनेच दाखवलं. “पाहा ना कशी लागली हाय. मिनरलवाली पपई.”

“म्हणजे तुले मालूम हाय?”

“अवं, साऱ्या गावाले मालूम हाय. पयल्या साली पेले होते ते. मंग नाही पेले. मॅडम तिकडं त्यायले शिकवते, आमी इकडं पोरीयले शिकवतो, हासू नका म्हणून. ते मागच्या साली आलता ना, मोठ्या मिशावाला, त्याच्या मिशीले पानी लागलं त कसा घाबरला! माही सून चुलीमांगं जाऊन हासली.”

“अन् मले नाही सांगतलं कोनी?”

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “तुमाले कायले सांगाव? तुमी तिथं बसून किती खुश होऊन राहता. तुमचं तोंड पाहून म्हटलं, राहू दे. डोये पाहून देतेत, दात काढून देतेत. पानी नाही पेले त काय झालं, आमची हीर का आटली?” मग तिला हसू आलं. “अवंदा त खिरीत साखरच नाही टाकली. पाहजा, कोनी बोलते का.”

मी वाटी उचलली आणि बोट बुडवून चाटलं. नुसतं दूध आणि तांदूळ.

“ते नाही, ते नाही,” ती घाईने म्हणाली आणि कोनाड्यातून एक झाकलेली वाटी काढून माझ्या हातात दिली. “हे तुमची. तुमच्या वाटीत टाकली हाय. तुमची येगळीच ठेवतो मी.”

वेगळीच. मी ती वाटी हातात धरून उभी राहिले. काजू होते, वेलची होती. गंगाच्या मनात प्रेमच होतं, हे मला कळत होतं. तरी त्या कोनाड्याकडे माझ्याने बघवेना. पुढे अंगणात माझ्या समोर एक खेळ चालला होता आणि मागे चुलीपाशी दुसरा, आणि दोन्हीकडे प्रेक्षक मी एकटीच. इतकी सालं मी विहारात, नात्यात, रेल्वेत भेटलेल्या अनोळखी बायांना सांगत आले की आमची माणसं विमानातून उतरतात आणि आधी त्या घरचं पाणी पितात. ऐकताना बाया गप्प व्हायच्या. एक तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. तिचा चेहरा आठवला. गंगा बघत होती म्हणून मी खीर खाल्ली. सगळी खाल्ली. ती फार गोड होती.

शिबिर चांगलं झालं. तेही सांगायला हवं. म्हाताऱ्या केवलरामला किती तरी दिवसांनी सुईचं नेढं दिसलं, एका पोरीच्या दाढेची कळ थांबली. हिमांशु घामाघूम होईपर्यंत वाकून काम करत होता. ही माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर सोपं होतं.

परतताना मी चेतनाच्या गाडीत बसले. ड्रायव्हर मोनूने गाणी लावली होती, ती मी बंद करायला सांगितली. चेतना समजली. तिला समजायला कधीच वेळ लागत नाही.

“हिमांशु बोलला?” तिने विचारलं.

“गंगापण बोलली.”

“पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी बरेच आजारी पडले, मोठीमाय. एका डॉक्टरबाईंना कावीळ झाली. त्यांच्या घरच्यांनी मला काय काय नाही ऐकवलं. तू इथे सगळ्यांना सांगत फिरत होतीस, इतकी आनंदात होतीस, मी तुला काय सांगणार होते?”

“मी नर्स होते, चेतना. कावीळ मला समजली नसती?”

“मग तूच सांग, ते पाणी मी त्यांना पाजत राहायला हवं होतं?”

“मी घरोघरी जाऊन उकळून ठेवलं असतं.”

“आणि घरोघरी विचारलं असतंस, उकळलं का म्हणून? बापूआजोबांच्या दारात येऊन कुणी म्हटलं असतं, परसराम, पाणी पितो पण आधी उकळ, तर?”

तिने हा सवाल माझ्याच गोष्टीतून काढला होता, मीच तिला कुशीत घेऊन शिकवलेल्या. बाहेर आमगावचे दिवे लागत होते. “तर मग नको म्हणायचं,” मी म्हटलं. “हात जोडून सांगायचं, आमची पोटं आता शहरातली झाली, आम्हाला सोसत नाही. ‘नको’ तर आम्ही गावाकडच्यांनी जन्मभर ऐकलं, आणखी एकदा ऐकलं असतं. हे ओठाला लावणं कुठून शिकलीस तू?”

“नको म्हटलं असतं तर तू संस्था बंद केली असतीस.”

“केली असती.”

“म्हणून,” ती म्हणाली.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो ऊबदार होता, नेहमीसारखा. मला तो दूर करता येईना आणि ठेवूनही घेता येईना. केवलरामची सुई आठवत होती. त्या सुईसाठी मला एवढं फसवणं योग्य होतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. गुरुजी आणि पटवारी परके होते. त्यांनी दगडावर ठेवलेलं पाणी मिरचीला घालता आलं. हे कशाला घालू?

बाकीचे हॉटेलवर उतरले. चेतना दर साली माझ्याकडेच राहते. आत आली, चपला काढल्या, खाटेवर बसून डोळे मिटले. दिवसभराच्या धुळीने तिच्या केसांची कड पांढरी दिसत होती आणि क्षणभर ती पुष्पांजली वाटली. तिच्या पिशवीतून बाटलीचं निळं झाकण दिसत होतं. रिकामी होती की भरलेली, ते कळत नव्हतं.

“मोठीमाय, पानी दे व. घसा पार सुकला.”

माझा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. सौंदडचाच कुंभार दर उन्हाळ्यात नवा आणून देतो. मी झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, पेल्यात ओतायला लागले. आणि हात अर्ध्यावर थांबला. मी थांबवला नाही. मी दुसरंच काही मनात घेऊन उभी होते. हाताने आपलं आपण ठरवलं आणि ओगराळं पुन्हा माठात गेलं. तोच पेला मी तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला. खाली पाहिलं.

“अर्धाच काऊन?” ती म्हणाली. काऊन हा शब्द तिच्या तोंडून मी कित्येक सालांत ऐकला नव्हता. म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं असावं. मी लागलं तर आणखी देते, असं म्हणू शकले असते. ते मी म्हटलं नाही.

मग तिने पेला दोन्ही हातांनी धरला, जसा ती सगळ्यांना धरायला शिकवते तसाच, आणि वर नेला. मी वळले. माठाचं झाकण उचललं, नीट बसवलं, वरचा दुसरा पेला पालथा घातला. माझ्यामागे काही आवाज आला, घोटाचा असेल, नुसत्या आवंढ्याचा असेल. झाकण ठेवून झालं होतं. तरी मी मागे वळून पाहिलं नाही.